शेवटच्या फेरीतला उंच खेळाडू: डाव फायद्याचा की नुसताच देखणा?

"उंची काही शिकवता येत नाही." सांडोरपासून विरारपर्यंत कुठल्याही मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभं राहा, हे वाक्य कानावर पडेलच. पंधरा वर्षांचा पोरगा सहा फुटांच्या वर गेला की लगेच कोणीतरी म्हणतं, याला घ्या. खेळ शिकवू, पण उंची कुठून आणणार?

वाक्य खोटं नाही. पण त्यावरून आपण जो निष्कर्ष काढतो, म्हणजे "म्हणून उंच मुलावर डाव लावावा", तो वेगळा दावा आहे. आणि तो तपासता येतो. आज तेच करायचंय. उत्तरापेक्षा मला त्या उत्तराकडे जाण्याची वाट जास्त महत्त्वाची वाटते, कारण पीएचडीच्या मुलाखतीत किंवा सिनॉप्सिसमध्ये आपण जिथे जिथे अडखळतो, त्या बहुतेक जागा या एका प्रश्नात भेटतात.

प्रश्न नेमका कुठे विचारायचा?

पहिली गोष्ट म्हणजे, प्रश्न अशा ठिकाणी विचारावा जिथे निवडीची नोंद स्वच्छ ठेवलेली आहे. त्यासाठी उत्तर अमेरिकेतली हॉकी सोयीची पडते. धनराज पिल्लेंची मैदानी हॉकी नव्हे, बर्फावरची. तिथल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो. बहुतेक मुलं अठरा वर्षांच्या आसपासची. ३२ संघ आळीपाळीने एकेक नाव घेतात, अशा सात फेऱ्या. म्हणजे साधारण २२४ नावं. पहिल्या फेरीतल्या मुलाकडून प्रचंड अपेक्षा असतात. सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत ओळखीची नावं संपलेली असतात आणि उरलेल्यांतले बहुसंख्य एनएचएलमध्ये कधी टिकत नाहीत.

संशोधकाला यात आवडण्यासारखं काय? प्रत्येक खेळाडूला एक क्रमांक चिकटलेला आहे. तो क्रमांक म्हणजे त्या दिवशी बाजाराने त्याची ठरवलेली किंमत. पुढे तो किती सामने खेळला हेही नोंदलेलं आहे. किंमत आणि फळ दोन्ही हातात, वर उंचीसुद्धा. आता प्रश्न असा होतो: शेवटच्या फेऱ्यांत खूप उंच मुलगा घेतला, तर त्या क्रमांकाच्या मानाने जास्त फळ मिळतं का?

नावांची यादी म्हणजे पुरावा नाही

हा प्रश्न टाकला की पहिलं नाव येतं झ्डेनो चाराचं. सहा फूट नऊ इंच, एनएचएलमधला सर्वांत उंच खेळाडूंपैकी एक. १९९६ मध्ये ५६व्या क्रमांकावर निवडला गेला, पुढे सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळवला, २०११ मध्ये बोस्टनचा कर्णधार म्हणून स्टॅनले कप उचलला. मग हॅल गिल: सहा फूट सात इंच, १९९३ मध्ये २०७वा, तरी ११०० हून जास्त सामने. डस्टिन बफलिन: सहा फूट पाच इंच, २००३ मध्ये २४५वा. गोलरक्षक पेक्का रिने: तोही सहा फूट पाच इंच, २००४ मध्ये २५८वा.

यादी वाचून मन तयार होतं. थांबा. आधी चारा बाजूला काढा. ५६वा क्रमांक म्हणजे तिसरी फेरी. ती 'शेवटची' नव्हे. आपल्या व्याख्येत न बसणारं उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे म्हणून आत घुसतं, हा नेहमीचा घोळ आहे.

आता उरलेल्यांच्या शेजारी दुसरी यादी ठेवा. पावेल दात्सुक १९९८ मध्ये १७१वा, हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१०वा. दोघंही सहा फुटांच्या आतले, दोघंही डेट्रॉइटने घेतलेले आणि दोघंही पुढे तिथले तारे झाले. या यादीवरून "शेवटच्या फेरीत बेताच्या उंचीचे खेळाडू घ्या" असं सिद्ध होतं का? नाही ना? मग पहिल्या यादीवरूनही काही सिद्ध होत नाही.

दोन्ही याद्यांत फक्त यशस्वी झालेलेच आहेत. ज्या उंच मुलांना घेतलं आणि जी दोन वर्षांत विस्मरणात गेली, ती कुठेच दिसत नाहीत. अपूर्णांकाचा वरचा आकडा आहे, खालचा नाही. हा दोष खेळात चटकन दिसतो. "यशस्वी उद्योजकांच्या सवयी" किंवा "टॉपर्स किती तास अभ्यास करतात" अशा विषयांत आपल्याला तो दिसत नाही, इतकंच.

तुलना कोणाशी?

समजा, आपण सगळी उंच मुलं मोजली. शंभर उंच मुलं शेवटच्या फेऱ्यांत घेतली गेली आणि त्यांतली आठ टिकली. (आकडे फक्त समजुतीसाठी.) आठ टक्के वाईट की चांगले?

याचं उत्तर त्या आकड्यात नाही. पहिल्या फेरीतल्या मुलांशी तुलना केली तर आठ टक्के केविलवाणे वाटतील, पण ती मुलं त्या वेळी उपलब्धच नव्हती. खरी तुलना एकच: त्याच क्रमांकाच्या आसपास, त्याच वर्षी, ज्या दुसऱ्या मुलाचं नाव घेता आलं असतं त्याच्याशी. तिथलेही आठ टक्के टिकत असतील तर उंचीने काही जास्त दिलं नाही. बारा टक्के टिकत असतील तर उंचीच्या मोहाने संघाचं नुकसान झालं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "तुलना गट" हा शब्द असतोच. तो लिहिताना स्वतःला विचारा, निर्णय घेणाऱ्यासमोर त्या क्षणी दुसरा पर्याय कोणता होता? तोच तुमचा तुलना गट.

आणखी एक सावधगिरी. गोलरक्षक आणि इतर खेळाडू एकाच टोपलीत टाकू नका. गोलरक्षकाचं काम जाळं झाकणं, तिथे शरीराचा आकार थेट कामाला येतो. बचावपटूला पोहोच मिळते, पण त्याला वळायचं असतं, मागे सरकत खेळायचं असतं. दोन्ही एकत्र केले तर जे सरासरी उत्तर येईल ते कदाचित दोघांपैकी एकालाही लागू पडणार नाही.

फलाटावरची माणसं आणि डब्यातली माणसं

आता सगळ्यात चकवणारी जागा. सकाळी आठच्या सुमारास वसई रोडला उभे राहा. विरारहून भरून आलेल्या चर्चगेट फास्टमध्ये चढायला दोनच गोष्टी कामाला येतात: अंगातला रेटा, नाहीतर दरवाजा नेमका कुठे येणार, पाय कधी टाकायचा याची हातखंडा माहिती. फलाटावरच्या गर्दीत या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं धरून चाला. कोणी तगडा आहे म्हणून तो कमी हुशार, असं नसतं.

पण तुम्ही कसेबसे आत शिरलात आणि डब्यातल्या माणसांची पाहणी केलीत, तर वेगळंच दिसेल. आत आलेला किडकिडीत माणूस जवळपास नक्की तंत्रात पक्का असेल, नाहीतर तो फलाटावरच राहिला असता. तगड्याला तंत्राची तितकी गरज नव्हती. त्यामुळे डब्यात रेटा आणि तंत्र यांचं नातं उलटं दिसू लागतं. ते नातं माणसांत नव्हतं, दरवाजाने तयार केलं.

ड्राफ्ट हा असाच दरवाजा आहे. सहा फुटांच्या आतला मुलगा निवडला गेला, तर त्याचं कौशल्य डोळ्यात भरणारं असणार. सहा फूट सात इंचांच्या मुलाला कौशल्य थोडं कमी असलं तरी आत घेतलं जातं. म्हणून फक्त निवडलेल्या खेळाडूंची आकडेवारी घेऊन "उंच खेळाडू कमी यशस्वी होतात, म्हणजे उंचीचा तोटा आहे" असं म्हणणंही चूक. उंचीचा खेळात फायदा असूनही निवडलेल्यांत ती तोट्याची दिसू शकते. संख्याशास्त्रात याला बर्कसनचा विरोधाभास म्हणतात. ज्यांचा डेटा "आधीच निवडलेल्या" लोकांचा आहे, म्हणजे नेट पास झालेले, रुग्णालयात दाखल झालेले, कर्ज मंजूर झालेले, त्या सगळ्यांनी हा डबा लक्षात ठेवावा.

उंची तर सगळ्यांनाच दिसते

मग शेवटच्या फेरीत फायदा मिळतो तो कशातून? दात्सुक आणि झेटरबर्गकडे परत जाऊ. डेट्रॉइटसाठी युरोपात खेळाडू शोधण्याचं काम हाकन अँडरसन हा स्वीडिश माणूस करत होता. त्या काळी इतर संघांची नजर रशियातल्या आणि स्वीडनमधल्या प्रत्येक मैदानापर्यंत तितकी पोहोचत नव्हती. डेट्रॉइटला जे माहीत होतं ते इतरांना पुरेसं माहीत नव्हतं. म्हणून हिरा कोळशाच्या भावात मिळाला.

उंचीचं याच्या अगदी उलट आहे. ती मोजायला गुप्तहेर लागत नाही, मोजपट्टी पुरते. सगळ्या संघांच्या कागदावर तो आकडा आहे. सहा फूट सात इंचांचा मुलगा सातव्या फेरीपर्यंत उरला असेल, तर प्रत्येक संघाने त्याची उंची बघूनही त्याला पाच-सहा वेळा सोडलेलं आहे. कशामुळे? पाय जड, हात कच्चे, खेळ उशिरा कळतो, काहीतरी. उंचीचा भाव त्याच्या क्रमांकात आधीच धरलेला आहे. तुम्हाला सवलत मिळालीय ती उंचीवर नाही, त्या "काहीतरी"वर.

म्हणजे खरा प्रश्न बदलला. "हा उंच आहे का?" हा प्रश्न संपला. आता विचारायचं: ज्या कारणासाठी सगळ्यांनी याला सोडलं, ते कारण काळाने भरून निघणारं आहे का?

असा अभ्यास करायचा कसा: एक नमुना

रॉबर्ट डीनर, ॲरन लोवेन आणि स्टीफन कॉबली यांचा २०१३ मधला एक शोधनिबंध जरूर वाचा. विषय उंचीचा नाही, जन्ममहिन्याचा आहे. हॉकीत वयोगट जानेवारीपासून मोजले जातात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या नोव्हेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो. मोठा म्हणजे त्या वयात थोराड आणि नजरेत भरणारा. त्यांनी १९८० ते २००६ च्या ड्राफ्टमधले खेळाडू घेतले आणि नेमकं हेच विचारलं: ज्या क्रमांकावर निवड झाली त्या मानाने पुढची कामगिरी कशी?

उत्तर थक्क करणारं होतं. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांच्या तुलनेत तिसऱ्या-चौथ्या तिमाहीतली मुलं, त्यांच्या पुढच्या कामगिरीला शोभलं असतं त्यापेक्षा ४० हून जास्त क्रमांक मागे निवडली गेली होती. ४०० सामने किंवा २०० गुण असा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता साधारण दुप्पट होती. म्हणजे निवड करणारे आजचा आकार बघत होते आणि उद्याची वाढ विसरत होते.

अभ्यासाची बांधणी बघा. नुसतं "कोण यशस्वी झालं" हा प्रश्न नाही. "किमतीच्या मानाने कोण यशस्वी झालं" हा प्रश्न. जन्मतिमाहीच्या जागी उंची ठेवा, आपला अभ्यास तयार.

सरासरी की शेपूट?

यावर एक चांगला आक्षेप येतो, आणि तो टाळू नये. शेवटच्या फेरीत सरासरी बघायचीच कशाला? सातव्या फेरीतला मुलगा फुकट गेला तर संघाचं जातं काय? फारच थोडं. लागला तर पंधरा वर्षांचा खेळाडू मिळतो. तोटा मर्यादित, फायदा मोठा. अशा वेळी सरासरी थोडी कमी असली तरी चालेल, पण वरच्या टोकाला पोहोचण्याची शक्यता जास्त हवी. वितरणाची शेपूट लांब हवी.

युक्तिवाद बरोबर आहे. पण तो उंचीचा युक्तिवाद नाही, अनिश्चिततेचा आहे. विसाव्या वर्षी वाढ पूर्ण झालेला, तीन वर्षं त्याच वेगाने खेळणारा उंच मुलगा अनिश्चित नसतो. तो काय आहे हे कळून चुकलेलं असतं. याउलट दोन वर्षांत सहा इंच वाढलेला, अजून स्वतःच्या पायांची सवय न झालेला, पण दर सहा महिन्यांनी वेग सुधारणारा मुलगा हा खरा अनिश्चित. शेपूट लांब असेल ती इथे. तेव्हा उंचीचा एकच आकडा नको, उंचीचा आणि वेगाचा आलेख हवा.

आपल्याकडचा बाजार

आपल्याकडे ड्राफ्ट नाही, लिलाव आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नईत झालेला आयपीएलचा लिलाव आठवा. काइल जेमिसन, सहा फूट आठ इंच: बंगळूरूने १५ कोटी मोजले, त्या मोसमात त्याने ९ सामन्यांत ९ बळी घेतले. त्याच लिलावात जवळपास त्याच उंचीचा, वीस वर्षांचा मार्को यान्सेन मुंबई इंडियन्सला २० लाखांच्या मूळ किमतीत मिळाला. मुंबईने त्याला दोन सामने दिले. पुढच्या वर्षी हैदराबादने त्याला ४ कोटी २० लाखांना नेलं.

दोन उदाहरणांवरून नियम निघत नाही, हे आता तुम्हीच मला सांगाल. पण एक नवा धागा मात्र मिळतो. यान्सेनवरचा स्वस्त डाव खरा ठरला, तरी फायदा मुंबईच्या हातून निसटला, कारण २०२२ च्या लिलावाआधी संघांना मोजकेच खेळाडू राखता येणार होते. हळू पिकणारा खेळाडू स्वस्तात घेण्यात तेव्हाच अर्थ, जेव्हा तो पिकेपर्यंत तुमच्याकडे राहणार असतो. आणि मुंबई इंडियन्ससाठी १७० बळी घेणारा मलिंगा बराच काळ त्यांच्याकडे राहिला. त्याची उंची पावणेसहा फुटांच्या आत होती. त्याच्याकडे होती ती गोष्ट मोजपट्टीवर येत नाही.

ज्याचं खरंच काही जातं

संघाचा एक क्रमांक वाया गेला तर बिघडत नाही, असं वर म्हटलं. मुलांच्या निवडीत तसं म्हणता येत नाही. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांत धावणं, लांब उडी, मेडिसिन बॉल फेक यांच्याबरोबर उंचीही मोजली जाते. मोजण्यात गैर काही नाही. प्रश्न वयाचा आहे. वाढीचा सर्वांत जोराचा काळ मुलींत साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांत चौदाव्या वर्षी येतो, पण प्रत्येकात एक-दोन वर्षं मागेपुढे होतो. तेराव्या वर्षी रांगेत सर्वांत उंच दिसणारा मुलगा पुढे उंच राहणारा असेल, किंवा फक्त लवकर वाढलेला असेल. त्याच्या मागे उभा असलेला बुटका मुलगा सतराव्या वर्षी त्याला गाठेलही, पण तोवर खेळ सोडून गेलेला असेल. एकाला दिलेली आशा आणि दुसऱ्याला दिलेला नकार, दोन्ही चुकीच्या मोजमापावर.

इथे संशोधनाला जागा आहे. खामिस आणि रोश यांची १९९४ ची पद्धत मुलाची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून पुढची उंची वर्तवते. मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांचं २००२ चं सूत्र बसलेली उंची आणि पायांची लांबी वापरून वाढीचा जोर यायचाय की येऊन गेलाय ते सांगतं. पण पहिली पद्धत अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांच्या नोंदींवर उभी आहे. ती पालघरच्या मुलांना जशीच्या तशी लावायची का, हा पीएचडीच्या तोलाचा प्रश्न आहे.

सिनॉप्सिस लिहायचा झाला तर

१. यशाची व्याख्या आधी लिहा, डेटा नंतर उघडा. किती सामने म्हणजे "टिकला"?

२. किमान दहा वर्षं जुने ड्राफ्ट घ्या. चालू कारकिर्दी अर्धवट असतात.

३. क्रमांक, वर्ष आणि खेळण्याची जागा यांचा हिशेब धरूनच उंचीचा परिणाम काढा.

४. "खूप उंच" मुलं मुळात थोडी असतात. वीसपैकी दोन टिकली तर दहा टक्के म्हणून मोकळे होऊ नका. ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण १ ते ३२ टक्के एवढी रुंद येते. एवढ्या फटीतून दोन्ही बाजूंचे निष्कर्ष आरामात निघून जातात.

५. उंचीच्या एका आकड्याऐवजी काळानुसार बदल मिळतो का ते पाहा.

माझं उत्तर मागाल तर: नुसत्या उंचीसाठी शेवटच्या फेरीत डाव लावू नये, कारण त्या उंचीची किंमत आधीच वसूल झालेली असते. उंच आणि अजून घडत असलेल्या मुलासाठी लावावा, आणि लावला तर त्याला वेळ द्यावा.

आता गृहपाठ. प्रो कबड्डीचा तुमच्या आवडीचा एखादा जुना मोसम घ्या, लिलावात कमी किमतीत गेलेल्या चढाईपटूंची पूर्ण यादी करा, फक्त गाजलेल्यांची नव्हे. पाच वर्षांनी कोण कुठे होतं ते समोर लिहा. यादी करताना कोणती नावं शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्याची वेगळी नोंद ठेवा. तुमच्या अभ्यासातला खालचा आकडा तिथेच सापडेल.